सटवाईच्या आधीचा लेख

मूल जन्मले की आपल्याकडे पाचवी पुजतात आणि सहाव्या रात्रीची वाट पाहतात. पाट्यावर वरवंटा ठेवायचा, त्याला हळदकुंकू वाहायचे, शेजारी कोरा कागद आणि लेखणी मांडायची. घरातली माणसे निजली की सटवाई येते, बाळाच्या कपाळावर त्याच्या जन्माचा लेख लिहिते आणि निघून जाते. तो लेख कोणालाही वाचता येत नाही, अशी समजूत. आता शहरातल्या घरांतून पाटा-वरवंटा गेला, बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली; तरी पुष्कळ घरी बाळाच्या उशाशी कागद असतो आणि लेखणीच्या जागी बॉलपेन असते.

सटवाई काय लिहिते ते तिचे तिला ठाऊक. पण ज्या कपाळावर ती लिहिते ते कपाळ, त्याखालचे नाक, डोळे, ओठ आणि हनुवटी यांचा आराखडा ती येण्याच्या सुमारे सात महिने आधीच तयार झालेला असतो. आणि त्या कामात फार मोठा हात असतो तो मेंदूचा. मेंदू म्हणजे घर बांधून झाल्यावर राहायला येणारा भाडेकरू, असे आपण समजून चालतो. प्रत्यक्षात पायाचे खोदकाम सुरू असल्यापासून जागेवर उभा असलेला मुकादम तोच असतो.

मी मराठीचा अध्यापक. शरीरशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु वर्षानुवर्षे जुन्या कादंबऱ्या शिकवताना एक गोष्ट नजरेत भरत गेली. नायक आला की त्याचा भालप्रदेश विशाल असायचाच, आणि खलपुरुषाचे कपाळ अरुंद व डोळे बारीक. आपले रोजचे बोलणेही काही वेगळे नाही. ‘कपाळ मोठे आहे, पोरगा हुशार निघणार!’ हे वाक्य कोणत्या बारशाला ऐकू येत नाही? यात तथ्य किती आणि सवय किती, असे कुतूहल वाटून मी वाचू लागलो. जे हाती आले ते माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. मेंदू चेहरा घडवतो, हे खरे निघाले; आणि तरीही चेहऱ्यावरून अक्कल ओळखता येत नाही, हेही तितकेच खरे निघाले. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, तेच या लेखात सांगायचे आहे.

करंजीच्या कडा

गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडच्या बाजूला पेशींची एक पट्टी जाड होते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा मधोमध जुळून तिची नळी होते. हीच मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकाला फुगवटे येऊन मेंदू बनतो, उरलेल्या भागातून पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी नळीची दोन्ही टोके मिटलेली असतात. त्या वेळी सबंध गर्भ असतो चार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान.

आता गंमत पाहा. ज्या कडा जुळल्या, त्या कडांवरच्या काही पेशी नळीत सामील होत नाहीत. त्या सुटतात आणि चक्क प्रवासाला निघतात. स्विस शास्त्रज्ञ विल्हेल्म हिस याने १८६८ साली कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात हा पेशींचा पट्टा प्रथम नोंदवला. आज त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. डोक्याकडच्या या पेशी मेंदूला वळसा घालून पुढच्या बाजूस उतरतात आणि तेथे कपाळाचे हाड, गालाची हाडे, जबडे, नाकाची कूर्चा, इतकेच काय, दातांच्या आतला कठीण भागही तयार करतात. ज्या पट्टीतून मेंदू झाला तिच्याच काठावरून चेहरा निघाला. दोघे एका घरातले.

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, जिथे पुढे तोंड होणार त्या खळग्याभोवती पाच उंचवटे दिसू लागतात. वर एक, मेंदूला लागून; दोन्ही बाजूंना वरच्या जबड्याचे दोन; खाली खालच्या जबड्याचे दोन. वरच्या एकातून कपाळ आणि नाक होते, बाजूच्या दोहोंतून गाल व वरच्या ओठाचा बराचसा भाग, खालच्या दोहोंतून खालचा ओठ व हनुवटी. डोळे तर मेंदूतूनच फुटलेले कोंब असतात. ते आरंभी माशासारखे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि चेहरा वाढत जातो तसतसे समोर येतात. आरशात पाहिले तर नाकाखालून वरच्या ओठापर्यंत उतरणारी एक उभी पन्हळ दिसते. दोन बाजूंचे भाग मध्यभागी येऊन जुळले, त्या जागेची ती खूण आहे.

या सर्व घडामोडींत मेंदू दोन कामे करतो. एक साच्याचे. गणपतीच्या मूर्तीचा साचा असतो तसा. फरक इतकाच की हा साचा स्वतः वाढत असतो, आणि त्याच्या वाढीबरोबर वरचा उंचवटा पुढे ढकलला जातो, रुंद होतो. दुसरे काम निरोप धाडण्याचे. मेंदूच्या पुढच्या भागातून काही रासायनिक द्रव्ये निघतात, आणि चेहऱ्याच्या पेशींनी कुठे किती वाढायचे ते त्यांवरून ठरते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस गर्भ जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो, पण चेहरा माणसाचा म्हणून ओळखू येतो. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात सुनेला गुपचूप चोरचोळी देतात. ती चोळी हाती पडते तोवर आत नाक-डोळ्यांची मांडणी उरकलेली असते!

एका डोळ्याची कोकरे

मेंदूचा निरोप पोचलाच नाही तर काय होते, हे जगाला मेंढ्यांनी शिकवले. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या आयडाहो राज्यातले मेंढपाळ हैराण झाले होते. त्यांच्या कळपांत कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे जन्माला येत होती. सरकारी शेतीखात्याच्या शास्त्रज्ञांनी कळपांमागे हिंडून शोध घेतला. दोष निघाला डोंगराळ कुरणात उगवणाऱ्या कॉर्न लिली नावाच्या एका वनस्पतीचा. मेंढीने ती गाभणेपणाच्या चौदाव्या दिवशी खाल्ली तर कोकरू एका डोळ्याचे होई. त्या कोकरांचा मेंदूही तपासला गेला. त्याचे उजवे व डावे असे दोन भागच झालेले नव्हते. मेंदू दुभंगला नाही, म्हणून डोळेही दोन झाले नाहीत. त्या वनस्पतीतल्या विषाला ग्रीक पुराणातल्या सायक्लॉप्स या एकाक्ष राक्षसावरून सायक्लोपामाइन असे नाव पडले.

हे विष करते काय, याचा उलगडा व्हायला पुढची तीस-चाळीस वर्षे गेली. १९८० साली जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळांवरच्या माशीच्या अळीत एक जनुक शोधले. ते बिघडले की अळीच्या अंगावर काटेच काटे दिसत, म्हणून हेजहॉग या काटेरी प्राण्याचे नाव त्याला मिळाले. या कामाबद्दल दोघांना १९९५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९९३ मध्ये कोंबडी, उंदीर अशा पाठकण्याच्या प्राण्यांतले तसेच जनुक सापडले, तेव्हा संशोधकांनी मुलांच्या व्हिडिओ खेळातल्या पात्रावरून त्याचे नाव ठेवले सॉनिक हेजहॉग. नाव थट्टेचे, पण काम गंभीर. मेंदूचे दोन भाग करणारा आणि चेहऱ्याला आकार देणारा तो निरोप याच जनुकाचा. १९९६ साली हे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मले ते एका डोळ्याचे. आणि सायक्लोपामाइन नेमका हाच निरोप अडवते, हे त्यानंतर दोन वर्षांनी सिद्ध झाले. त्या ज्ञानाच्या आधारावर त्वचेच्या एका कर्करोगावर औषध निघाले आणि २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. विषाच्या मागोवा घेता घेता औषध हाती लागले ते असे.

माणसातही हा दोष क्वचित आढळतो. १९६४ साली विल्यम डीमायर या अमेरिकी डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर एक निबंध लिहिला. त्याच्या मथळ्याचा आशयच असा की, चेहरा मेंदूचे भाकीत करतो. नवजात बालकाचे डोळे फार जवळजवळ असतील, नाकाची मधली घडण अपुरी असेल, तर आत मेंदूचा पुढचा भागही नीट विभागला गेला नसण्याचा संभव असतो. संभव असतो, खात्री नव्हे. पण वैद्याला तपासणीची दिशा मिळते. पुढे कोंबडीच्या गर्भावरच्या प्रयोगांत तर असे दिसले की मेंदूतला हा निरोप थोडा कमी केला की चेहरा अरुंद होतो, थोडा वाढवला की रुंद. पदार्थात मीठ कमीजास्त व्हावे, तसा हा मामला आहे.

आईच्या पोटात गेलेले मद्यही याच सुमारास घात करते. १९७३ साली अमेरिकेतील केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी अशा मुलांचे वर्णन करून त्या विकाराला नाव दिले. वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट, डोळ्यांच्या फटी लहान, आणि जोडीला मेंदूची वाढ खुंटलेली. चेहऱ्यावरची पुसट झालेली ती पन्हळ म्हणजे आतल्या नुकसानीची बाहेर उमटलेली खूण होय.

विळी, ग्रहण आणि ओठ

इथवर वाचून एखाद्या भगिनीच्या मनात भीती उभी राहिली असेल. म्हणून आपल्या घरांत आजही चाललेल्या एका अन्यायाबद्दल बोलणे भाग आहे. गर्भवती स्त्रीने ग्रहणात काही चिरू-कापू नये, नाही तर मूल फाटक्या ओठाचे होते, असे आपल्याकडे सांगतात. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वरच्या ओठावर शस्त्रक्रियेचा व्रण होता. बोलताना ती रुमाल तोंडाशी धरायची. निबंध मात्र असा लिहायची की मी तो दुसऱ्या वर्गांतही वाचून दाखवत असे. एकदा तिची आई भेटायला आली, तेव्हा सहज बोलता बोलता म्हणाली, ‘सर, ग्रहणात मी कारली चिरली होती. सासूबाई वीस वर्षे तेच ऐकवतात.’ दिवस कितवा होता, असे मी विचारले. ‘सहावा महिना होता,’ त्या बाई म्हणाल्या.

वर सांगितलेला हिशेब वाचकांनी आठवावा. वरचा ओठ जुळतो तो गर्भधारणेनंतरच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात. त्या वेळी कडा जुळल्या नाहीत तर ओठ दुभंगलेला राहतो. सहाव्या महिन्यातले ग्रहण काय, कारले काय आणि विळी काय, त्यांच्या कितीतरी आधी तो ओठ जसा व्हायचा तसा होऊन गेला होता! जगात साधारण ७०० जन्मांमागे एका मुलाला हा दोष असतो. त्याची कारणे गुंतागुंतीची आहेत. काही आनुवंशिक, काही परिस्थितीची: तंबाखूचा धूर, आटोक्यात नसलेला मधुमेह, फेफऱ्यावरची काही औषधे. पुष्कळदा एक असे कारण बोट ठेवून दाखवताच येत नाही. आणि ज्या मुलांना दुसरा कोणताही विकार नसून फक्त ओठ किंवा टाळा दुभंगलेला असतो, त्यांची बुद्धी सामान्यतः इतर मुलांसारखीच असते.

मग काळजी घ्यायची ती कधी? अगदी आधी. पाळी चुकून दोन आठवडे होतात तोच मज्जानलिका मिटलेली असते. पुष्कळ स्त्रियांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते. १९९१ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात असे दिसले की, ज्यांचे आधीचे मूल या नळीच्या दोषाचे झाले होते अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते. म्हणून मूल हवे असे ठरले की डॉक्टरांना विचारून ही साधी गोळी सुरू करावी, घरात धूम्रपान होऊ देऊ नये, चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत. हे ग्रहणाच्या वेधांहून कितीतरी महत्त्वाचे आहे. आणि हे नवऱ्यानेही लक्षात ठेवायचे आहे.

टाळू आणि राईची उशी

जन्मानंतरही मेंदूचे चेहऱ्याशी असलेले देणेघेणे संपत नाही. नवजात बालकाच्या कवटीची हाडे एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. मध्ये शिवणी असतात आणि माथ्यावर टाळू. आपण टाळूवर तेल घालतो, ती धडधडते म्हणून जपतो. मेंदूला वाढायला मोकळीक मिळावी यासाठीच ही सोय आहे. पहिल्या वर्षात मेंदू जवळजवळ दुप्पट होतो, आणि सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने प्रौढाच्या नऊ-दशांश भरतो. कवटी त्याच्या रेट्याने वाढते. चेहरा मात्र मागे राहिलेला असतो. जन्मतः कवटीचा मेंदूकडचा भाग चेहऱ्याच्या आठपट असतो, तर मोठेपणी दुपटीच्या आसपास. बाळाचे कपाळ मोठे आणि हनुवटी इवलीशी दिसते ती यामुळे. तेव्हा बारशाला दिसणारे ‘हुशारीचे कपाळ’ सगळ्याच बाळांना असते! पुढे दात येतात, जबडा वाढतो, नाकाचा पूल उंचावतो, आणि चेहरा खाली व पुढे उतरत जातो.

बाळाला न्हाऊ घालणारी बाई रोज नाक ओढते, कपाळ दाबते, आणि वर्षा-दोन वर्षांनी नाक वर आले की श्रेय घेते. नाक आपल्या वेळेला येणारच होते. कोंबडे आरवले म्हणून उजाडत नाही. डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी देण्याची चाल आहे. पण झोपेत गुदमरण्याच्या धोक्यामुळे बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या मुलाला कोणतीच उशी देऊ नये असे सांगतात. एकाच कुशीवर निजून डोके जरा चपटे झाले तर मेंदूला त्याने अपाय होत नाही; जागेपणी मूल पोटावर खेळू लागले की ते बहुधा सुधारते. परंतु एखादी शिवण वेळेआधीच सांधली गेली, तर मात्र मेंदू त्या दिशेला वाढू शकत नाही, तो दुसरीकडे रेटतो आणि कवटी व चेहरा दोन्ही वाकडे होतात. डोक्याचा आकार दिवसेंदिवस विचित्र होत आहे असे वाटले तर तेल-मालिशीत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. पहिल्या वर्षात त्यावर चांगली शस्त्रक्रिया होते.

नाक पाहून माणूस पारखणारे

मेंदू आणि चेहरा यांचे इतके सख्य आहे म्हटल्यावर, चेहऱ्यावरून मेंदू वाचण्याचा मोह होणारच. अठराव्या शतकात झुरिकच्या लाव्हाटर नावाच्या धर्मोपदेशकाने चेहऱ्यावरून स्वभाव सांगण्याचे मोठे ग्रंथ लिहिले. व्हिएन्नाच्या फ्रान्झ योझेफ गॉल याने कवटीवरचे उंचवटे चाचपून गुणावगुण सांगण्याची विद्या काढली. १८३१ साली तरुण चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावर जागा मागायला गेला, तेव्हा कप्तान फिट्झरॉय या लाव्हाटरच्या चाहत्याने त्याचे नाक पाहून शंका घेतली की, असल्या नाकाच्या माणसात सफरीला लागणारा निर्धार असेल काय! सुदैवाने कप्तानाने नाकाकडे काणाडोळा केला.

पण सर्वांचेच नशीब डार्विनसारखे नसते. आपल्याच देशात १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीचता मांडली. विनोद वाटावा असे ते आहे, परंतु तो शास्त्राच्या नावाने छापला गेला आणि राज्यकर्त्यांनी वाचला.

अशा काळात एक मराठी स्त्री बर्लिनला गेली. इरावती कर्वे यांना मराठी वाचक ‘युगान्त’मुळे ओळखतात, पण त्यांची पीएच. डी. होती माणसाच्या कवटीवर. त्या तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनाला लागल्या. फिशरांची अटकळ अशी की, युरोपीय माणसाची तर्कबुद्धी वरचढ. त्यामुळे त्याच्या मेंदूची एक बाजू अधिक वाढलेली आणि कवटीही इतर वंशांपेक्षा अधिक विषम असली पाहिजे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपातल्या होत्या, आफ्रिकेतल्याही होत्या. निष्कर्ष निघाला तो गुरूच्या विरुद्ध: थोडीफार विषमता सर्वच माणसांच्या कवटीत असते, तिचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, गुरूच्याच संस्थेत बसून पंचविशीच्या आतल्या मुलीने हे लिहून देणे सोपे नव्हते. पुढे जर्मनीत असल्याच वंशविचारांनी काय अनर्थ केला ते सर्वांना ठाऊक आहे.

आजचे शास्त्र काय म्हणते? २०२१ साली अमेरिका व बेल्जियममधल्या संशोधकांनी ब्रिटनमधील १९ हजारांहून अधिक लोकांच्या मेंदूची एमआरआय चित्रे तपासली. मेंदूच्या आकाराशी निगडित अशी ४७२ जनुकीय स्थाने त्यांना मिळाली, आणि त्यांतली ७६ चेहऱ्याच्या आकाराशीही निगडित निघाली. मेंदू व चेहरा यांचे एका घरातले नाते इथे आकड्यांत दिसले. परंतु त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. ही सामाईक स्थाने बुद्धीशी किंवा मनोविकारांशी जोडलेली आहेत काय? तसा पुरावा मिळाला नाही.

हेच या साऱ्याचे मर्म आहे. मेंदू चेहऱ्याला आकार देतो तो बव्हंशी गर्भातल्या पहिल्या दोन महिन्यांत, जेव्हा त्याला विचार म्हणजे काय हे ठाऊकच नसते. तेव्हा त्याच्यात ना बुद्धी असते, ना स्वभाव, ना शील. ती नंतर येतात. घरात, शाळेत, माणसांत वावरून येतात. मुकादमाने भिंत कशी उभारली ते भिंतीकडे पाहून कळेल. त्या घरात पुढे कोण राहिले आणि कसे राहिले, ते कसे कळणार? फार मोठा बिघाड झाला तर वैद्याला चेहऱ्यावरून तो ओळखता येतो, आणि तो त्याने ओळखावाच. आपल्यासारख्या धडधाकट माणसांच्या नाकाडोळ्यांत मात्र वाचण्याजोगे काही लिहिलेले नसते.

आणि तरी चेहरा काहीतरी बोलतो, हे आपण नाकारत नाही. ते बोलणे हाडांचे नसते, स्नायूंचे असते. मेंदूतून निघणारी सातवी मज्जातंतूंची जोडी या स्नायूंना हलवते, आणि हसू, रुसवा, आठ्या, लाज सगळे चेहऱ्यावर उमटते. मेंदूची चेहऱ्यावर आज चालणारी सत्ता ती एवढीच, पण केवढी मोठी! यंदाच्या दिवाळीत फराळाला पाहुणे येतील, घरात कोणी उपवर असेल तर पाहण्याचे कार्यक्रमही ठरतील. ‘नाक जरा बसके आहे’, ‘कपाळ अरुंद आहे’ असे कोणी पुटपुटले, तर त्यांना शंकरपाळ्यांची बशी पुढे करावी आणि मुलीशी दोन शब्द बोलायला सांगावे. बोलताना तिचा चेहरा कसा हलतो, कसा उजळतो, तेवढे पाहिले तरी पुरे.